शंभरातले किती बरे झाले?

मानसशास्त्र विषय घेतलेल्या कुणाही मित्राचं पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडा. इतिहासाच्या प्रकरणात एक चित्र बहुतेक वेळा सापडतंच. रुग्णालयाचं अंगण, जमिनीवर बसलेल्या, विस्कटलेल्या केसांच्या बायका, मध्यभागी एक तरुण मुलगी आणि तिच्या अंगावरचं लोखंड सोडवणारा एक माणूस. एक बाई वाकून शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या हाताचं चुंबन घेतेय. खाली ओळ असते ती अशा अर्थाची की, फिलिप पिनेल यांनी मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या. परीक्षेत दोन मार्कांना येतं म्हणून आपण ते पाठही करतो.

हे चित्र तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकारानं १८७६ मध्ये काढलं. पिनेल जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे चित्रकार त्या अंगणात नव्हता, हे उघडच आहे. साखळ्यांची गोष्टही चित्रात दिसते तितकी सरळ नाही, ते पुढे येईलच. पण या एका चित्रामुळे पिनेलचं दुसरं काम झाकलं गेलं. हातात वही घेऊन त्यानं एक साधा, पण फार अडचणीचा प्रश्न विचारला होता. आमच्याकडे आलेल्या शंभर माणसांपैकी खरोखर बरी किती झाली? आणि बरं झालं असं आपण कशावरून म्हणतो?

नापास ठरलेला डॉक्टर

पिनेलचा जन्म २० एप्रिल १७४५ चा, दक्षिण फ्रान्समधल्या तार्न भागातला. वडील शस्त्रक्रिया करणारे वैद्य, घराण्यात हीच परंपरा. तरी पोराला आधी धर्मशास्त्राकडे पाठवलं गेलं. पंचविशीत त्यानं ती वाट सोडली आणि वैद्यकाकडे वळला. १७७३ मध्ये तुलूझ विद्यापीठाची पदवी मिळाली. मग माँपेलिएला आणखी चार वर्षं अभ्यास. १७७८ मध्ये तो पॅरिसला पोहोचला, तेव्हा तेहतीस वर्षांचा होता.

पॅरिसनं त्याला दारातच अडवलं. तुलूझसारख्या बाहेरगावच्या विद्यापीठाच्या पदवीवर राजधानीत डॉक्टरकी करता येत नव्हती. गरीब विद्यार्थ्यांसाठी तिथल्या वैद्यक शाखेनं एक स्पर्धा ठेवली होती. जिंकली तर पुढचा रस्ता मोकळा. पिनेलनं ती दोनदा दिली आणि दोन्ही वेळा हरला. परीक्षकांनी त्याच्या ज्ञानाला सामान्य असा शेरा मारला. ज्याच्या नावाचा धडा आज जगभरचे विद्यार्थी वाचतात, त्याच्याबद्दलचा हा शेरा.

मग पोटासाठी त्यानं जे जमेल ते केलं. गणिताच्या शिकवण्या घेतल्या, इंग्रजी वैद्यक ग्रंथांची फ्रेंच भाषांतरं केली, एका आरोग्यविषयक पत्राचं संपादन पाच वर्षं सांभाळलं. पंधरा वर्षं अशीच गेली. वाया गेली असं वाटेल, पण नाही. गणित शिकवता शिकवता ते हाडात मुरलं. त्याच काळात फ्रान्समध्ये काँदोर्से आणि लाप्लास संभाव्यतेच्या गणितावर काम करत होते. पत्ते आणि फासे यांच्या पलीकडे, न्यायालयाचे निकाल, जन्ममृत्यू अशा गोष्टींनाही हे गणित लावता येईल, असा विचार पुढे येत होता. ही हवा पिनेलच्याही कानावरून गेली. पुढे एक दिवस ती त्याच्या उपयोगी पडणार होती.

एक मित्र गेला

याच काळात त्याच्या आयुष्यात एक घटना घडली. त्याचा एक तरुण मित्र उदासीच्या आजारात सापडला. उदासी वाढत गेली, मग उन्माद आला. उपचार नीट झाले नाहीत आणि शेवटी त्या मित्राचा अंत झाला. हे मरण टाळता आलं असतं, हे पिनेलच्या मनातून कधीच गेलं नाही.

तेव्हा वेडाकडे बघायची पद्धत काय होती, तर रक्त काढायचं, जुलाब द्यायचे, थंड पाण्यात बुडवायचं. एवढं करून गुण आला नाही तर असाध्य म्हणून कोंडून ठेवायचं. पिनेलनं एका खासगी आरोग्यगृहात नोकरी धरली. बेलोम नावाच्या गृहस्थांची ती जागा, पैसेवाल्या घरांतली मनोरुग्ण माणसं तिथे ठेवली जात. सुमारे पाच वर्षं तो तिथे जात राहिला, रुग्णांशी बोलत राहिला, टिपणं काढत राहिला. पण मालकाला रुग्ण बरे होऊन घरी गेले तर नुकसानच होतं. माणूस सुधारला की नाही हे ठरवणाऱ्याचा त्यात फायदा-तोटा काय, हा प्रश्न पिनेलला तिथेच भेटला असावा.

प्युसँची शाळा

१७८९ मध्ये क्रांती झाली आणि जुन्या संस्थांची दारं उघडली. जानेवारी १७९३ मध्ये राजाला गिलोटिनवर चढवलं, त्या दिवशी बंदोबस्तावर असलेल्या सशस्त्र नागरिकांमध्ये पिनेलही उभा होता. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात त्याची बिसेत्र इथे डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. वय अठ्ठेचाळीस. पहिली धड सरकारी नोकरी!

बिसेत्र हे आपल्या डोक्यातलं हॉस्पिटल नव्हतं. म्हातारे, निराधार, गुन्हेगार, आजारी, सगळे मिळून चारेक हजार पुरुष तिथे कोंबलेले. त्यातल्या सातव्या विभागात दोनशेच्या आसपास मनोरुग्ण. या विभागाचा कारभारी होता जाँ-बातिस्त प्युसँ.

प्युसँ डॉक्टर नव्हता. मूळचा कातडी कमावणारा कारागीर. गंडमाळांच्या आजारानं तो स्वतःच कधीकाळी बिसेत्रमध्ये रुग्ण म्हणून दाखल झाला होता. बरा झाला, तिथेच कामाला लागला आणि चढत चढत विभागप्रमुख झाला. त्याची बायको मार्गरित त्याच्या बरोबरीनं काम करायची. रुग्णाला मारायचं नाही, हा त्यांचा नियम. नोकर निवडताना बरे झालेले जुने रुग्ण घ्यायचे, ही त्यांची युक्ती. ज्यानं हे भोगलंय तो दुसऱ्यावर हात उगारत नाही, असा त्यामागचा हिशोब.

पिनेलनं पदवी बाजूला ठेवली आणि या माणसाकडून शिकायला सुरुवात केली. रोज विभागात फेरी मारायची, एकेका रुग्णाशी बोलायचं, परत आल्यावर लिहून काढायचं. आज हा काय बोलला, रात्री झोपला का, जेवला का, चिडला तर कशावरून. आज ज्याला आपण केस हिस्टरी म्हणतो, ती लिहायची सवय मनोरुग्णांच्या बाबतीत लागली ती बरीचशी इथून. त्या नोंदींतून साध्या गोष्टीही पुढे आल्या. क्रांतीच्या काळात पावाची टंचाई झाली की मृत्यू वाढायचे आणि सुधारत आलेली माणसं पुन्हा घसरायची. म्हणजे औषधाआधी पोटभर जेवण!

आता साखळ्यांचं. पिनेल १७९५ मध्ये बिसेत्र सोडून गेला, तेव्हा तिथे साखळ्या होत्याच. त्या काढल्या प्युसँनं, १७९७ मध्ये. त्याऐवजी लांब बाह्यांचा, हात अडकवून ठेवणारा जाड कापडी अंगरखा वापरायला त्यानं सुरुवात केली. पिनेलनं नंतर आपल्या नव्या रुग्णालयात तोच कित्ता गिरवला. पुढे पिनेलचा मुलगा सिपियाँ आणि शिष्य एस्किरोल यांच्या लिखाणातून सगळं श्रेय एकट्या पिनेलकडे गेलं, मग चित्रं आली आणि प्युसँ कोपऱ्यात गेला. स्वतः पिनेलनं मात्र आपल्या ग्रंथात प्युसँचं ऋण मोकळेपणानं नोंदवलं होतं. इतकंच काय, खटपट करून १८०२ मध्ये त्यानं प्युसँला आपल्याकडे बोलावून घेतलं.

शिंप्याची गोष्ट

पिनेलनं लिहून ठेवलेल्या नोंदींमधली एक गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

क्रांतीच्या धुमाळीत पॅरिसमधला एक शिंपी राजाच्या शिक्षेबद्दल काहीतरी बोलून गेला. शेजारपाजारचे संशयानं बघायला लागले. मग त्याच्या डोक्यात भरलं की आपल्यालाही गिलोटिनवर नेणार. झोप उडाली, जेवण सुटलं, काम बंद पडलं. बिसेत्रमध्ये आणलं तेव्हा तो जमिनीवर पडून मरणाची वाट बघत असायचा.

पिनेलनं त्याला औषध दिलं नाही, काम दिलं. बाकीच्या रुग्णांचे फाटके कपडे शिवायचे, त्याचे थोडे पैसे मिळतील. शिंप्याच्या हाताला सुई लागली आणि माणूस हलला. तो मन लावून शिवायला लागला, खायला लागला, आपल्या लहान मुलाची आठवण काढायला लागला. इथे थांबून कुणी विचारलं असतं, की हा बरा झाला का? कुठल्याही डॉक्टरनं आनंदानं हो म्हटलं असतं.

काही महिन्यांनी तो पुन्हा पडला. तीच भीती, तोच गिलोटिन. आता पिनेलनं एक नाटक रचलं. तीन तरुण डॉक्टरांना काळे पोशाख चढवून न्यायाधीश बनवलं. त्यांनी शिंप्याची रीतसर चौकशी केली आणि तो निर्दोष असल्याचा निकाल दिला. शिंपी क्षणात हलका झाला. लक्षणं गेली. पुन्हा तोच प्रश्न, की हा बरा झाला का?

नाही. पुढे कुणीतरी आगाऊपणा करून त्याला सांगून टाकलं, की अरे, ती सगळी गंमत होती. शिंपी पुन्हा कोसळला, आणि या वेळी उठला नाही. पिनेलनं शेवटी त्याला असाध्य मानलं.

पिनेलला ही गोष्ट अर्ध्यावर संपवता आली असती. नाटकाच्या निकालापाशी पडदा पाडला असता तर ती एका हुशार डॉक्टरच्या विजयाची कहाणी झाली असती. त्यानं तसं केलं नाही. फसलेला शेवटही छापला. बरं होणं म्हणजे एक दिवसाचं चित्र नव्हे, हे त्याला या शिंप्यासारख्या माणसांनी शिकवलं.

१००२ बायका आणि दोन आकडे

१७९५ पासून पिनेल साल्पेत्रिएर इथे होता. हे बायकांचं रुग्णालय. रुग्णालय कसलं, गावच. सात हजारांच्या आसपास म्हाताऱ्या, निराधार, आजारी बायका तिथे राहायच्या. त्यातच मनोरुग्णांचा विभाग. आधी पद्धत अशी होती, की वेड लागलेल्या बाईला पहिल्यांदा ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, तिथे रक्त काढणं वगैरे व्हायचं, आणि गुण आला नाही की इकडे पाठवायचं. म्हणजे साल्पेत्रिएर हे हरलेल्यांचं कोठार. १८०२ मध्ये हा कारभार बदलला आणि नव्या रुग्ण थेट पिनेलकडे यायला लागल्या.

पिनेल आणि प्युसँ यांनी विभागाची मांडणी बदलली. फार अस्वस्थ असलेल्या एकीकडे, सुधारत असलेल्या दुसरीकडे, बऱ्या होत आलेल्या तिसरीकडे. बाई एका भागातून दुसऱ्या भागात गेली की तिची सुधारणा नुसती डॉक्टरच्या मनात राहत नव्हती, ती सगळ्यांना दिसत होती. आणि शेवटच्या भागात तिला काही काळ ठेवायचं, कारण नातेवाइकांच्या आग्रहावरून घाईनं घरी पाठवलेल्या बायका परत यायच्या, हे त्यांनी पाहिलं होतं.

एप्रिल १८०२ ते डिसेंबर १८०५ या काळात तिथे १००२ बायका दाखल झाल्या. पिनेलनं प्रत्येकीची नोंद ठेवली. आजार कुठला, आधी कुठे उपचार झाले होते का, पुढे काय झालं. फेब्रुवारी १८०७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च विद्वत्सभेपुढे त्यानं हे सगळे तक्ते मांडले. मनोरुग्ण बरा होण्याची शक्यता किती, हे गणितानं सांगायचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न.

आता आकडे बघा. दाखल झालेल्या सगळ्या बायका धरल्या तर शंभरातल्या ४७ बऱ्या झाल्या. पण ज्यांचा आजार पहिल्यांदाच उपचाराला आला होता आणि ज्यांच्यावर आधी दुसरीकडे उपचार झाले नव्हते, अशा ४४४ जणीच धरल्या तर शंभरातल्या ८४ बऱ्या झाल्या.

रुग्णालय तेच, डॉक्टर तोच, काळ तोच. एक आकडा ४७, दुसरा ८४. फरक कशात? छेदात. अंशाला कशानं भागायचं, एवढ्यावर यश दुप्पट दिसू शकतं. आज एखादी संस्था असती तर ८४ चा फ्लेक्स लावून मोकळी झाली असती. पिनेलनं दोन्ही आकडे दिले आणि दोन्हींतला फरक का पडला, हेही सांगितलं. ताज्या आजारात सुधारणा जास्त, जुनाट आजारात कमी, आणि जन्मजात मतिमंदत्वात किंवा बुद्धी ओसरत गेलेल्या आजारात फारच थोडी. त्याचं म्हणणं सरळ होतं. वैद्यकात जो तो आपापल्या अनुभवाचे गोडवे गातो आणि सोयीची उदाहरणं पुढे करतो. अनुभव या शब्दाला किंमत यायची असेल तर यशाबरोबर अपयशही मोजलं पाहिजे, दोन्ही एकाच तक्त्यात. दुसऱ्या रुग्णालयांनीही असेच तक्ते ठेवावेत, म्हणजे तुलना करता येईल, अशी त्याची इच्छा होती.

त्याच्या मोजणीत भोकं होती, हेही बघायला हवं. बरी झाली हा शिक्का मारणारा पिनेलच, म्हणजे पेपर काढणारा आणि तपासणारा एकच. उपचार न घेता किती जणी आपोआप सावरल्या असत्या, हे कळायला दुसरा गट नव्हता. घरी गेलेली बाई पुढे दुसरीकडे दाखल झाली तर ते कळायची खात्री नव्हती. शिवाय त्याची दयाळू पद्धतही आजच्या नजरेनं कडकच होती. अंगरखा बांधणं, थंड पाण्याची धार, धाक दाखवणं हे सगळं तिथे चालायचं. तरीही, आपल्या कामाचा हिशोब चारचौघांत उघडा करून ठेवणं हे त्या काळात विरळच होतं.

बरं होण्याची खूण कुठली, यावर त्याचा शिष्य एस्किरोल यानं नंतर फार सुंदर मुद्दा मांडला. भ्रम गेला, आरडाओरडा थांबला एवढ्यावर भागत नाही. आपल्या पोरांना बघावंसं वाटणं, मैत्रिणींची आठवण येणं, रडू येणं, मन कुणाजवळ तरी मोकळं करावंसं वाटणं, या खुणा दिसल्या की समजायचं, माणूस परत आला. लक्षण कमी होणं आणि आयुष्य परत मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं तर.

शेवटची वर्षं

पिनेलला पुढे मान मिळाला. १८०१ मधला त्याचा मनोविकारांवरचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला, १८०३ मध्ये विद्वत्सभेचं सभासदत्व आलं, १८०४ मध्ये सरकारी पदक. एकेकाळी ज्या शहरानं त्याला नापास केलं, तिथल्या वैद्यक शाळेत तो प्राध्यापक होता. पॅरिसमध्ये देवीची लस टोचायला सुरुवात झाली, त्या कामातही १८०० च्या सुमाराला तो पुढे होता.

पण राजकारण बदललं. राजेशाही परत आली होती. १८२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या गोंधळाचं निमित्त करून सरकारनं वैद्यक शाखाच बंद केली, आणि ती पुन्हा उघडली तेव्हा उदारमतवादी समजल्या गेलेल्या अकरा प्राध्यापकांना घरी बसवलं. त्यात पिनेल होता. वय सत्त्याहत्तर. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी तो गेला. प्युसँ त्याच्याही पंधरा वर्षं आधी, १८११ मध्ये गेला होता.

एकच माणूस, ४६ वेळा बरा

पिनेलची दया सगळ्यांनी उचलली, हिशोब मात्र फार थोड्यांनी. त्याच्यानंतर अमेरिकेत राज्याराज्यांत मनोरुग्णालयं उभी राहिली. सरकारकडून पैसे हवे तर यश दाखवायला हवं. मग चढाओढ लागली. कुणी म्हणालं शंभरात नव्वद बरे, आणि १८४० च्या दशकात शंभरात शंभर असेही दावे झाले.

प्लिनी अर्ल नावाच्या अमेरिकन डॉक्टरला हे खटकलं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थम्प्टन इथल्या सरकारी मनोरुग्णालयाचा तो प्रमुख. १८७० च्या दशकात त्यानं जुने अहवाल काढून नीट वाचले आणि खरी मेख सापडली. रुग्णालयं बरे झाल्याच्या घटना मोजत होती, बरी झालेली माणसं मोजत नव्हती. एखादी बाई बरी होऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा बरी होऊन गेली, की खात्यावर दोन यशं. अर्लनं दाखवून दिलं, की ८७ माणसांच्या नावावर २७४ वेळा बरं होणं जमा झालं होतं. एका रुग्णाला तर ४६ वेळा बरा म्हणून घरी पाठवलं होतं, आणि त्याचा शेवट मनोरुग्णालयातच झाला.

यावर उलटी प्रतिक्रियाही आली. आकडे फुगवलेले होते, म्हणजे कुणी बरं होतच नाही, असा निष्कर्ष लोकांनी काढला आणि मनोरुग्णालयं पुन्हा कोंडवाडे व्हायला लागली. मग त्याच राज्यातल्या वूस्टर रुग्णालयात अधिक कष्टाचं काम झालं. अनेक वर्षांपूर्वी बऱ्या होऊन गेलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे पत्रं पाठवून शोधलं गेलं. ९८४ जणांची माहिती मिळाली. त्यातल्या ५६८ जणांना, म्हणजे शंभरातल्या ५८ जणांना, आजार पुन्हा कधीच झाला नव्हता. नव्वदही खोटे होते आणि शून्यही खोटं होतं. खरं उत्तर माणसाच्या घरापर्यंत जाऊन विचारल्यावरच मिळालं.

नऊ प्रश्नांचा फॉर्म

हे सगळं जुनं झालं, असं म्हणायची सोय नाही. साखळ्यासुद्धा जुन्या झालेल्या नाहीत. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रमवजा जागेला आग लागली. साखळदंडानं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि जळून गेले. मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला कायद्यानं स्पष्ट बंदी आपल्याकडे आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं.

आणि मोजणीचा प्रश्न तर थेट आपल्या मोबाइलवर आहे. मूड ऑफ झाला की आपल्यापैकी कितीतरी जण ऑनलाइन टेस्ट देतात. त्यातली खरोखर शास्त्रीय आणि डॉक्टरही वापरतात ती म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज शून्य ते २७. उपचार सुरू असताना बेरीज पाचनं उतरली तर फरक पडतोय असं साधारण मानतात. एक-दोन गुणांची वरखाली कुठल्याही आठवड्यात होते, ती सुधारणा नव्हे.

याहून कडक कसोटी १९९१ मध्ये जेकबसन आणि ट्रुअॅक्स या दोन अमेरिकन संशोधकांनी सुचवली. बदल इतका हवा, की तो मोजण्याच्या चुकीतून आलेला नाही याची खात्री पटावी. शिवाय माणूस आजारी लोकांच्या टप्प्यातून निघून निरोगी लोकांच्या टप्प्यात पोहोचलेला हवा. जरासा खाली आलेला ताप उतरल्यासारखा दाखवायचा नाही, असं समजा.

तरी फॉर्म म्हणजे माणूस नव्हे. गुण उतरले, पण पोरगी अजून लेक्चरला बसू शकत नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, असं होऊ शकतं. उलट गुण फारसे हलले नाहीत, पण ती पुन्हा तबल्याच्या क्लासला जायला लागली, असंही होतं. म्हणून चांगले समुपदेशक आकड्याबरोबर विचारतात, की तुला नेमकं काय परत हवंय? शिंप्याला सुई हवी होती, मूल हवं होतं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं आणि ते ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. तुम्ही किंवा तुमचा कुणी दोस्त उपचार घेत असाल तर पहिल्याच भेटीत हे बोलून घ्या. काही आठवड्यांनी फरक वाटला नाही तर तेही सांगा. ती तक्रार नसते, डॉक्टरांना लागणारी माहितीच असते. आणि बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस हेल्पलाइन नंबर आहे, फोन मोफत लागतो.

अमुक थेरपीनं शंभरात पंच्याण्णव बरे, अशी जाहिरात कुठे दिसली तर पिनेलच्या वहीतले प्रश्न तिथे विचारून बघा. शंभर म्हणजे कोणते शंभर, मध्येच सोडून गेलेले त्यात धरलेत का? बरे झाले हे कुणी ठरवलं, त्यांनी की तुम्ही? आणि वर्षभरानं पुन्हा विचारलं होतं का?

साल्पेत्रिएरच्या दाराबाहेर आज पिनेलचा पुतळा आहे. त्याच्याही हातात साखळीच दिली आहे, वही नाही. परीक्षेत दोन मार्कांना प्रश्न आला तर साखळ्यांचं लिहाच, पण सोबत प्युसँचं नाव लिहा. आणि जागा उरली तर १००२ हा आकडाही.